डावे-उजवे

आईबापांनी मुलांमध्ये डावे-उजवे करू नये, पंगतीत वाढणाऱ्याने पानापानांत डावे-उजवे करू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आपल्या शरीरात अशी एक जोडी आहे की, तिच्या बाबतीत डावे-उजवे केल्यावाचून वैद्याने पुढचे पाऊल टाकू नये. ती जोडी म्हणजे आपली दोन मूत्रपिंडे. या दोहोंपैकी प्रत्येक किती काम करते हे वेगवेगळे कसे मोजतात, आणि ते मोजणे एवढे मोलाचे का आहे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. त्यासाठी मी आपल्याला मुख्यतः चेन्नई शहरात नेणार आहे. कारण मूत्रपिंडाच्या वैद्यकाचे उत्तम रूप आणि त्याच मूत्रपिंडाच्या बाजाराचे विद्रूप रूप, अशी दोन्ही रूपे त्या शहराने पाहिली आहेत.

प्रारंभ डोळ्यांपासून करू. आपण डोळे तपासून घ्यावयास जातो तेव्हा डॉक्टर आधी एक डोळा झाकावयास सांगतात आणि दुसऱ्याने भिंतीवरील अक्षरे वाचून घेतात. पुष्कळदा असे घडते की, आपला एक डोळा अधू झाला आहे, हे मनुष्याला त्या क्षणी प्रथमच कळते. तोपर्यंत चांगल्या डोळ्याने अधू डोळ्याची उणीव इतक्या बेमालूमपणे भरून काढलेली असते की, मालकाला तिची दादही नसते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांना नेत्रवैद्यकाची मोठी आवड होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेविलेल्या आहेत. राजा असो वा रंक, वैद्याने डोळा पाहावयाचा तो असा एकेक करून.

मूत्रपिंडांची अडचण अशी की, त्यांतले एक हाताने झाकता येत नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, खालच्या बरगड्यांच्या आश्रयाने, ही दोन मूत्रपिंडे वसलेली असतात. प्रत्येकाची लांबी दहा-अकरा सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा इंद्रियाचे काम मात्र थक्क करणारे आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि निरोगी तरुण माणसाच्या या साऱ्या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात परत घेतला जातो आणि लिटर-दीड लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर पडते.

आता हे काम नीट चालले आहे की नाही, हे डॉक्टर एरवी कसे ओळखतात? रक्त तपासून. स्नायूंच्या व्यवहारातून क्रिएटिनिन नावाचे एक द्रव्य रक्तात येत असते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकीत असतात. ते रक्तात साचू लागले की, मूत्रपिंडे थकली असे समजावयाचे. कसोटी चांगली आहे, स्वस्त आहे; पण ती दोघांची मिळून आहे. दोन भाऊ शेतात राबतात आणि पिकलेले धान्य एकाच कणगीत ओततात, अशी कल्पना करा. कणगी भरलेली दिसली म्हणजे घरात धान्य आहे, एवढे कळते. कोणत्या भावाने किती कष्ट केले, हे कणगी सांगत नाही. एक भाऊ अंथरुणाला खिळला आणि दुसरा त्याच्या वाट्याचेही राबू लागला, तर कणगी पूर्वीसारखीच भरलेली दिसेल. मूत्रपिंडांचे असेच होते. एकूण शक्तीचा जवळजवळ निम्मा भाग नाहीसा होईपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा पुष्कळदा आपली मर्यादा सोडीत नाही. मुतखड्याने किंवा क्षयाने एक मूत्रपिंड मुकाट्याने मरून जाते, दुसरे फुगून त्याची जागा भरून काढते, आणि रक्ताच्या अहवालावर ‘सर्व ठीक’ असा शेरा पडतो.

म्हणून वैद्यकासमोर जुना प्रश्न होता तो हा की, कणगीत धान्य पडण्यापूर्वीच प्रत्येक भावाचा वाटा कसा मोजावा?

जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २ ऑगस्ट १८६९ रोजी गुस्टाव सीमॉन या शल्यवैद्याने एका स्त्रीचे एक मूत्रपिंड विचारपूर्वक काढून टाकले आणि ती बाई बरी झाली. या शस्त्रक्रियेपूर्वी त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून, एका मूत्रपिंडावर प्राणी जगू शकतो, याची खात्री करून घेतली होती. एकावर जगता येते, हे सिद्ध झाले. पण मागे राहणारे एक धडधाकट आहे की नाही, हे प्रत्येक रोग्याच्या बाबतीत कसे ओळखावे, हा प्रश्न उरलाच. पुढे पॅरिसमधील होआकिन अल्बारान याने मूत्राशयात दुर्बीण घालून, प्रत्येक मूत्रवाहिनीत स्वतंत्र नळी सरकवून दोन्हीकडचे मूत्र निरनिराळे गोळा करण्याचे तंत्र वाढविले. १९०५ साली त्याने मूत्रपिंडांच्या कार्यपरीक्षेवर मोठा ग्रंथच लिहिला. रीत खरी होती, पण रोग्याला ती फार कष्टाची होती.

तेवढ्या काळात क्ष-किरणांचा शोध लागला होता. १९२९ साली मोझेस स्विक याने बर्लिनमध्ये असे एक आयोडीनयुक्त औषध वापरून दाखविले की, ते शिरेत टोचले म्हणजे मूत्रपिंडांवाटे उतरते आणि क्ष-किरणांच्या चित्रात दोन्ही मूत्रपिंडे, त्यांच्या वाटा, त्यांतील अडथळे उमटतात. हिंदुस्थानात या विद्येचे एक मोठे पीठ तेव्हाच्या मद्रास शहरात उभे राहिले. सेंट्रल स्टेशनासमोरच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात १९३४ साली कॅप्टन बर्नार्ड यांच्या नावाने क्ष-किरणविद्येची संस्था सुरू झाली आणि पुढे क्ष-किरणतज्ज्ञांच्या पिढ्यांनी तेथे शिक्षण घेतले. परंतु क्ष-किरणांचे चित्र हे मुख्यतः आकाराचे चित्र असते. आजची सोनोग्राफी घ्या: मूत्रपिंड सुजलेले आहे, त्यात खडा आहे, ते लहान झाले आहे, हे ती उत्तम सांगते. पण घर मोठे दिसले म्हणून घरातला माणूस कमावता असेलच असे नाही. फुगलेले मूत्रपिंड काम करीत असेल किंवा नुसती पाण्याची पिशवी झालेले असेल. आकारावरून त्याचा निवाडा होत नाही.

तो निवाडा करणारी रीत अणुविज्ञानाने दिली. १९५६ साली अमेरिकेत टॅपलिन, विंटर आणि त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले औषध शिरेत टोचून, दोन्ही मूत्रपिंडांवर पाठीकडून किरणमापक रोखून, त्यांचे आलेख काढले. या आलेखाला रेनोग्राम असे नाव पडले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला आपली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. १९६३ साली मुंबईत परळला किरणोत्सर्गी औषधांच्या वापरासाठी स्वतंत्र वैद्यकीय केंद्र निघाले. आज वाशी येथील सरकारी किरणोत्सर्गी समस्थानिक मंडळातून या तपासणीस लागणारी औषधे देशभरच्या रुग्णालयांकडे जातात. चेन्नईतील तपासणीच्या खोलीशी महाराष्ट्राचे असे एक नाते आहे.

या तपासणीत आज बहुधा वापरतात ते मूलद्रव्य म्हणजे टेक्नेशियम. हे १९३७ साली इटलीत ओळखले गेले, आणि माणसाने कृत्रिम रीतीने घडविलेले ते पहिले मूलद्रव्य होय. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘कृत्रिम’ असा आहे. त्याचा जो प्रकार रुग्णालयात वापरतात, त्याची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो. शिवाय बराचसा भाग मूत्रावाटे निघून जातो तो वेगळाच. इतके अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवावयाचे कसे? तर त्याचा जनक जो मॉलिब्डेनम, ज्याची शक्ती निम्मी होण्यास ६६ तास लागतात, तो शिशाच्या जाड कवचातील एका लहानशा नळकांड्यात भरून रुग्णालयात आणतात. त्यातून मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम तेवढे विरघळून बाहेर येते. रोज सकाळी अशी ‘धार काढावयाची’. म्हणून या क्षेत्रातले लोक त्या नळकांड्याला थट्टेने गाय म्हणतात. आठवड्याभरात ही गाय आटते आणि तिच्या जागी दुसरी आणावी लागते.

ही धार नुसती टोचून उपयोग नाही. तिला असे एक वाहन द्यावे लागते की, ते मूत्रपिंडाच्या वाटेनेच जाईल. डीटीपीए नावाचे एक वाहन आहे. ते गाळण्यांतून गाळले जाते आणि त्यावरून गाळण्याची गती कळते. दुसरे डीएमएसए, हे मूत्रपिंडाच्या गाभ्याभोवतीच्या जिवंत पेशींना चिकटून राहते आणि कोठे व्रण पडले आहेत ते दाखविते. तिसरे इथिलीन डायसिस्टीन, ज्याला रुग्णालयात नुसते ईसी म्हणतात. ते मूत्रपिंड भराभर रक्तातून खेचून घेते, त्यामुळे वाटेतला अडथळा ओळखण्यास ते सोयीचे पडते. जसा प्रश्न, तसे वाहन.

आता चेन्नईतील एखाद्या मोठ्या रुग्णालयातील ही खोली डोळ्यांपुढे आणा. रोगी पलंगावर उताणा निजलेला आहे. पलंगाखाली, त्याच्या पाठीकडे, गॅमा कॅमेऱ्याची रुंद तबकडी आहे. हा कॅमेरा कॅलिफोर्नियातील हॅल अँगर याने १९५० नंतरच्या दशकात शोधून काढला. तो प्रकाश टाकीत नाही, किरण सोडीत नाही. शरीरातून येणारे गॅमा किरण तो फक्त मोजतो. त्याच्यातल्या स्फटिकावर किरण पडला की, एक क्षीण ठिणगी चमकते. कोठे चमकली, किती वेळा चमकली, याची नोंद यंत्र ठेवते. दंडातल्या शिरेत सुई टोचली, औषध गेले, की पडद्यावर प्रथम महारोहिणी उजळते, आणि मग तिच्या दोन बाजूंस घेवड्याच्या दाण्यांसारखे दोन आकार उमटू लागतात. कधी दोन्ही एकदम उजळतात. कधी एक झळकते आणि दुसऱ्याच्या जागी अंधुक सावली तेवढी राहते. रोग्याला सुईपलीकडे वेदना नाही. वीस-तीस मिनिटांत काम आटोपते.

दोन्ही मूत्रपिंडांचा वाटा काढावयाचा तो औषध टोचल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटांतील मोजणीवरून. कारण तेव्हा औषध मूत्रपिंडात शिरलेले असते, पण मूत्रवाहिनीत उतरलेले नसते. डाव्याभोवती एक रेघ, उजव्याभोवती एक रेघ काढतात. आजूबाजूच्या मांसातून आणि रक्तातून आलेली मोजणी वजा करतात. आणि उरलेल्या बेरजेत कोणाचा किती हिस्सा, ते शेकड्यात मांडतात. निरोगी माणसात दोघांचे वाटे ४५ आणि ५५ यांच्या दरम्यान पडतात. म्हणून ४८ आणि ५२ असा आकडा पाहून कोणी घाबरून जाऊ नये. निसर्ग काट्यावर तोलून वाटणी करीत नाही.

या आकड्याने निर्णय कसे बदलतात, याची दोन उदाहरणे घेऊ. हल्ली गर्भावस्थेतील सोनोग्राफीत कित्येक बालकांचे एक मूत्रपिंड फुगलेले आढळते. जेथे मूत्रपिंड संपते आणि मूत्रवाहिनी सुरू होते, त्या जागी वाट अरुंद असते. पूर्वी अशा मुलांवर सरसकट शस्त्रक्रिया करण्याकडे कल होता. आज बालकाचा रेनोग्राम काढतात, मध्ये मूत्र वाढविणारे औषध टोचतात आणि पाहतात: साचलेले भराभर वाहून गेले, तर वाट मोकळी आहे, साचूनच राहिले, तर अडथळा आहे. त्या मूत्रपिंडाचा वाटा चांगला असला आणि पुढच्या तपासण्यांत तो टिकून राहिला, तर बाळाला सुरी न लावता वाट पाहता येते. वाटा ४० टक्क्यांखाली गेला किंवा तपासणीगणिक घसरू लागला, तर शल्यवैद्य थांबत नाहीत. एका आकड्याने एका बाळाची शस्त्रक्रिया वाचते आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड वाचते.

दुसरे उदाहरण मुतखड्याचे. खड्याने वाट अडून मूत्रपिंड वर्षानुवर्षे तुंबले आणि तपासणीत त्याचा वाटा दहा टक्क्यांहून कमी निघाला, तर ते काढून टाकण्याचा विचार होतो. पण विचारी शल्यवैद्य तेथेही घाई करीत नाही. तुंबलेल्या मूत्रपिंडाला तो पाठीतून एक नळी घालून मोकळे करतो, काही आठवडे वाट पाहतो आणि पुन्हा मोजतो. गळा दाबून धरलेल्या माणसाला बोलता येत नाही, एवढ्यावरून तो मुका ठरत नाही. काही मूत्रपिंडे अशा संधीनंतर उभारी धरतात, काही धरीत नाहीत. पण संधी दिल्यावाचून निकाल देऊ नये, हे खरे. आणि मूत्रपिंड काढण्यापूर्वी, मागे राहणारे दुसरे सशक्त आहे हे मोजून पाहणे, हे तर पहिले कर्तव्य.

श्रोतेहो, आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे वळतो. आतापर्यंत रोग्याविषयी बोललो. आता निरोग्याविषयी बोलावयाचे आहे. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण ही वैद्यकातील एकमेव जागा नसली, तरी फार थोड्या जागांपैकी एक आहे, जेथे ठणठणीत माणसाच्या अंगावर, त्याचा स्वतःचा शारीरिक लाभ काहीही नसताना, सुरी चालविली जाते. बोस्टन येथे डिसेंबर १९५४ मध्ये एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसविण्यात आले, आणि जगातले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण ठरले. देणारा भाऊ त्यानंतर ५६ वर्षे, म्हणजे २०१० सालापर्यंत, जगला. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला, आणि १९७१ च्या जानेवारीत चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. पुढे चेन्नई शहर या विद्येचे देशातील एक मोठे केंद्र बनले.

समजा, एक आई आपल्या मुलाला मूत्रपिंड द्यावयास निघाली आहे. रक्त जुळले, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दोन्ही मूत्रपिंडांची एकूण गाळण्याची शक्ती उत्तम. आता कोणते काढावयाचे? शल्यवैद्याला विचाराल, तर तो डावे पसंत करील; कारण डाव्या मूत्रपिंडाची नीला लांब असते आणि ते दुसऱ्याच्या शरीरात जोडणे सोपे जाते. पण समजा, आईच्या तपासणीत डाव्याचा वाटा ५८ आणि उजव्याचा ४२ असा निघाला. मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर सशक्त मूत्रपिंड त्याला मिळावे. शल्यवैद्याच्या सोयीने पाहिले, तरी डावेच काढावे. आणि आईला विचाराल, तर ती पुन्हा पुन्हा सांगेल, “चांगले असेल ते त्याला द्या, माझे काय राहिले आहे?” येथे वैद्यकाचा नियम या तिघांच्याही विरुद्ध उभा राहतो. तो म्हणतो: जे अधिक चांगले, ते देणाऱ्यापाशीच राहील. अवघड असले तरी उजवे काढा; ५८ आईपाशी ठेवा, ४२ मुलाला द्या. ते मुलाला पुरते, आणि आईचे राहिलेले मूत्रपिंड पुढच्या काही महिन्यांत वाढून मूळच्या दोघांच्या बेरजेच्या सुमारे ७० टक्के काम एकटे करू लागते.

मला या साध्या नियमात फार मोठी माणुसकी दिसते. देणारा स्वतःची बाजू मांडावयास असमर्थ असतो; प्रेमाने म्हणा, भिडेने म्हणा, गरजेने म्हणा, त्याची जीभ बांधलेली असते. अशा वेळी डाव्या-उजव्याचा हा आकडा त्याची बाजू मांडतो. हल्ली कित्येक ठिकाणी सीटी स्कॅनमध्ये दोन्ही मूत्रपिंडांचे घनफळ काढून वाट्याचा अंदाज करतात आणि दोहोंच्या आकारात फरक दिसला की समस्थानिकांची तपासणी करतात. साधन कोणतेही असो, नियम तोच.

पण ज्या शहरात हा नियम पाळला जातो, त्याच शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चेन्नईच्या उत्तरेकडील विल्लिवाक्कम या वस्तीला एके काळी लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले होते. कारण तेथील पुष्कळ गरीब स्त्रीपुरुषांनी कर्जापायी आपली मूत्रपिंडे विकली होती. २००१ साली चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. सरासरी १,०७० डॉलर हाती आले होते. त्यानंतर कुटुंबाचे सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटले. पाहणीच्या वेळी चारांपैकी तिघे पुन्हा कर्जातच होते. शंभरातील ८६ जणांनी प्रकृती पूर्वीपेक्षा ढासळल्याचे सांगितले, आणि ७९ जण म्हणाले की, हा मार्ग आम्ही दुसऱ्या कोणाला सुचविणार नाही.

श्रोतेहो, हे आकडे कोणत्याही कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटत नाहीत. विकणाऱ्या बाईचे राहिलेले मूत्रपिंड ५२ टक्के आहे की ५८, हे यंत्र सांगेल; पण ती टेबलावर स्वेच्छेने आली की सावकाराच्या भीतीने, हे ते सांगणार नाही. शिवाय देणाऱ्याचे भले एका दिवसाच्या मोजणीने होत नाही. ज्याचे एक मूत्रपिंड गेले, त्याने वर्षावर्षाला रक्तदाब, मूत्र आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावयाचे असते. आईने मुलाला मूत्रपिंड दिले, तर घरचे लोक तिला दवाखान्यात नेतात. विकणाऱ्याला पैसे मोजून झाले की, त्याच्याकडे वळून पाहणारा कोणी राहत नाही. पुन्हा उन्हातान्हात ओझी वाहणे आणि दुखले की मिळेल ती वेदनाशामक गोळी गिळणे, हे त्याच्या नशिबी येते. आणि अशा गोळ्यांचा अतिरेक मूत्रपिंडाला बाधतो.

१९९४ साली संसदेने मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा केला आणि अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव देण्यास त्याच कायद्याने मान्यता मिळाली. तरीही बाजार एका दिवसात उठला नाही. २००४ सालच्या त्सुनामीत उद्ध्वस्त होऊन उत्तर चेन्नईत येऊन राहिलेल्या कोळी कुटुंबांतील बायकांनी मूत्रपिंडे विकल्याचे २००७ साली उघडकीस आले. महाराष्ट्रही या कलंकापासून सर्वस्वी मुक्त राहिलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

बाजाराला खरे उत्तर त्याच भूमीत शोधले गेले. २००८ साली तामिळनाडू सरकारने मृत व्यक्तींच्या अवयवदानाची शिस्तबद्ध व्यवस्था सुरू केली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात चेन्नईजवळील एका डॉक्टर दांपत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अपघातात गेला. मेंदू मृत झाल्याचे निश्चित झाल्यावर त्या मातापित्यांनी त्याचे अवयव दिले. साऱ्या राज्याचे मन त्या घटनेने हलले आणि पुढे तामिळनाडू या कार्यात देशात अग्रेसर मानले जाऊ लागले. अशा दानात डाव्या-उजव्याचा प्रश्नच राहत नाही. दोन्ही मूत्रपिंडे दोन निरनिराळ्या रोग्यांना जीवदान देतात आणि जिवंत माणसाच्या अंगाला सुरी लागत नाही.

तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आकड्यावर अंधश्रद्धा बसावयाची. रोग्याने पुरेसे पाणी प्यालेले नसले, तर आलेख बिघडतो. रेघ ओढणाऱ्याचा हात चुकला, तर वाटा चुकतो. एखादे मूत्रपिंड जागचे सरकून पोटाकडे आलेले असले, तर पाठीकडून मोजताना ते उगीच दुबळे भासते. म्हणून जाणता डॉक्टर सोनोग्राफी, रक्त, मूत्र आणि हा आकडा यांची सांगड घालूनच निर्णय करतो. किरणांची भीती मात्र अवाजवी आहे. या तपासणीतील मात्रा, आपल्याला वर्षभरात जमिनीतून आणि आकाशातून निसर्गतः मिळणाऱ्या किरणांहून सामान्यतः अधिक नसते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तपासणीपूर्वी तसे सांगावे, एवढी दक्षता पुरे.

शेवटी आपल्याला तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. आपले किंवा घरातल्या कोणाचे मूत्रपिंड काढण्याचा प्रसंग आला, तर मागे राहणाऱ्याचा वाटा किती, असे डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारा. तो आपला हक्क आहे आणि चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. मूत्रपिंडाच्या तपासणीचे कागद जमीनजुमल्याच्या कागदांइतकेच जपून ठेवा. कारण आजचा ४५ चा आकडा दोन वर्षांपूर्वीच्या ५० शेजारी ठेवला, तरच बोलू लागतो. आणि घरात कोणी मूत्रपिंड देणार असेल, तर घेणाऱ्याच्या खाटेभोवती जेवढी माणसे जमतात, तेवढी देणाऱ्याच्या खाटेभोवतीही जमू द्या, आणि पुढेही वर्षानुवर्षे त्याची विचारपूस करा.

घेणारा आणि देणारा यांत मात्र कोणी डावे-उजवे करू नये.